साठीनंतर माया नाही

इनास मास्तरांचा माझ्यावर विश्वास नव्हता. त्यात मी वाईट वाटून घ्यावं असं काही नव्हतं, कारण त्यांचा कोणावरच नव्हता. गिऱ्हाइकाने आणलेलं कापड ते आधी टेबलावर अंथरून मोजायचे. मोजलं की पाण्यात भिजवायचे, दोरीवर वाळवायचे आणि परत मोजायचे. दुकानदाराने फसवलं असेल ही एक शंका, आणि कापड आटून फसवेल ही दुसरी. वेळ बघायची तर मला विचारायचे, कारण मी आमच्या कट्टा गावच्या स्टँडवर एस्टीचा कंट्रोलर आणि माझी खिडकी त्यांच्या दुकानासमोर. पण माझं उत्तर ऐकून झालं की पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरलाही तेच विचारायचे. सात वर्षं मी हे सहन केलं. रिटायर झालो तेव्हा खिडकी सुटली आणि त्यांच्या दुकानातलं बाकडं मिळालं. विश्वास नाही तर नाही, बसायला जागा तरी झाली.

माणूस उंचीने बेताचा. हातपाय बारीक, कानावर खडू, गळ्यात क्रॉस आणि क्रॉसवरून टेप. अंगात ढगळ बुशकोट, खाली लुंगी. बुशकोट मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे त्याच्यावरून आमचं वाजणार आहे. घर दुकानाच्या पाठीमागेच. तिथून त्यांची बायको आनमारी काज-बटणं आणि पँटींची हातशिलाई करून पुढे पाठवायची. चाळीस वर्षं तिने हे काम केलं आणि चाळीस वर्षं मास्तर तिचं प्रत्येक बटण ओढून बघत आले.

टाका बघून शिंपी ओळखणं ही त्यांची खास विद्या. मालवण, आचरा, कुडाळ, कुठल्याही टेलरने शिवलेली पँट द्या, ते ती उलटी करायचे, शिवणीवरून अंगठा फिरवायचे आणि त्या टेलरचं नाव सांगायचे. वर त्याच्या मशीनला कुठे तेल लागतं तेही सांगायचे. एकदा मी मुद्दाम पिंगुळीच्या एका म्हाताऱ्या टेलरची पँट नेली होती. मास्तरांनी नाव तर सांगितलंच, वर म्हणाले की त्याचा डावा डोळा अधू झालाय. मी चौकशी केली. मोतीबिंदूच निघाला.

गिऱ्हाइकाच्या कंबरेचं माप मास्तर दोनदा घ्यायचे. पहिलं सगळ्यांदेखत. टेप दिसला की माणूस ताठ होतो, छाती पुढे, पोट आत. मास्तर तो आकडा मोठ्याने म्हणत आणि वहीत काही लिहीत नसत. मग सीट, मांडी, गुडघा असं करत खाली उतरत. माणूस बेसावध झाला की उठून परत कंबरेला टेप घालत आणि विचारत, "तुझ्या झिलाचा नाव काय रे?"

झील म्हणजे मुलगा. आता मुलाचं नाव कोण सांगणार नाही? गिऱ्हाईक तोंड उघडायचं, आत धरलेला श्वास सुटायचा आणि पोट आपल्या जागेवर यायचं. हे माप वहीत जायचं. बोलणारा माणूस पोट आत धरू शकत नाही, हे त्यांचं शास्त्र होतं. ज्याला मुलगा नाही त्याला मुलीचं नाव विचारायचे, ज्याचं लग्नच नाही त्याला आईचं. एकदा एक फादर झगा शिवायला आले, त्यांना त्यांनी पोपचं नाव विचारलं.

आता माया. पँट शिवताना पाठीमागच्या शिवणीत दोन-चार इंच कापड जास्तीचं ठेवतात. पुढेमागे माणूस सुटला तर शिवण उसवून तेवढी जागा करून देता यावी म्हणून. या जास्तीच्या कापडाला शिंपी लोक माया म्हणतात. किती सुंदर शब्द ठेवलाय कोणीतरी. पण आमच्या मास्तरांच्या मशीनवर पुठ्ठ्याची पाटी टांगलेली होती, तिच्यावर निळ्या खडूने लिहिलेलं: "साठीनंतर माया ठेवली जाणार नाही."

नवा माणूस ही पाटी वाचून हसायचा. मास्तर मात्र बोलल्याप्रमाणे वागायचे. गिऱ्हाइकाचं वय साठीच्या पुढे असलं की शिवण घालून झाल्यावर मायेचं कापड कात्रीने कापून टाकायचे, तेही त्याच्या डोळ्यांदेखत. जुनी पँट सैल करायला कोणी आणली तर हातही लावायचे नाहीत. आधी डॉक्टरला दाखवून ये म्हणायचे. "पँटीत माया आसा ह्या पोटाक कळता," ते म्हणायचे. "मग ता आपला निवांत वाढत रवता."

नाडी आणि इलास्टिक यांच्यावर तर त्यांचा दात. लेंग्याची नाडी पोटातली गोष्ट पोटातच ठेवते म्हणायचे. मुंबईची मुलं बापासाठी इलास्टिकवाल्या पँटी आणतात तो प्रेमाचा प्रकार नसून पुरावा नष्ट करायचा प्रकार आहे, असं त्यांचं स्पष्ट मत. तुम्ही स्वतः लुंगी नेसता त्याचं काय, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, दर ऐतवारी चर्चमध्ये मिसाला जाताना मी काळी पँट घालतो. मुलीच्या लग्नात शिवलेली, कंबर चौतीस. पंधरा वर्षं झाली, अजून तीच येते. तोच माझा काटा.

आमच्याकडे हे सगळं उलट्या अंगाने चालतं, म्हणून मास्तरांचा लोकांना राग. आमच्याकडे माणूस मुंबईहून पोट घेऊन आला की त्याला म्हणतात, बरो दिसतस, अंगान भरलंस. वाळला तर म्हणतात, काय रे, बायको जेवण वाढीना नाय? अशा गावात पोट सुटलं म्हणून पँट सैल करायला नाही म्हणणारा टेलर म्हणजे वेडा नाहीतर लबाड. वेडा नाही हे सगळ्यांना दिसत होतं. मग लबाडी शोधणं आलं. बाजारात नवीन डॉक्टरीण आली होती, पोरगेलीशी, हसतमुख. तिनेच इनासाला माणसं पकडायला ठेवलंय असं चहाच्या दुकानात ठरून गेलं. मीही त्या बैठकीत होतो, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. संशय कट्ट्यात साथीसारखा पसरतो, औषध मिळेपर्यंत अर्धा गाव आजारी.

पाटीमागची खरी गोष्ट मला आनमारीने सांगितली. मास्तर सांगणारे नव्हते. गावात एक गुरुजी होते, मास्तरांचे जवळचे. शाळा सुटल्यावर दुकानात येऊन बसायचे. रिटायर झाले आणि सुटू लागले. पहिल्यांदा पँट सैल करायला आणली, मास्तरांनी हसत करून दिली. दुसऱ्यांदाही दिली. तिसऱ्यांदा माया संपली तेव्हा मास्तरांनी दुसऱ्या कापडाचा त्रिकोणी तुकडा जोडून दिला, आणि दोघे त्या तुकड्यावरून पोट धरून हसले. महिन्याभरात गुरुजी विहिरीच्या पायऱ्या चढताना छातीला हात लावून बसले ते उठलेच नाहीत. मयताला मास्तर गेले आणि तिथे खुंटीला ती पँट टांगलेली दिसली, तुकड्यासकट. घरी आल्यावर त्यांनी पुठ्ठा कापला आणि पाटी लिहिली. आनमारी म्हणाली, तेव्हापासून ते कोणाच्या पोटावर विश्वास ठेवत नाहीत. आपण गुरुजींना मदत करत होतो असं त्यांना वाटत होतं, तेच त्यांना लागलं.

माझी पाळी आली ती पुतण्याच्या लग्नाच्या वेळी. मी ऐटीत उभा राहिलो. माझं वजन दहा वर्षांपूर्वी होतं तेवढंच होतं, स्टँडवरच्या काट्यावर मी दर महिन्याला बघत असे. मास्तरांनी जुनी वही काढली, माझ्या मुलाचं नाव विचारलं, आणि आकडे शेजारी शेजारी ठेवले. कंबर तीन इंच जास्त. मांडी दीड इंच कमी.

"वजन तेवढाच म्हणतस," मास्तर म्हणाले. "मग मांडी खंय गेली? कोणी नेली?"

मी चिडलो. मांडीचा हिशेब आजवर मला कोणी विचारला नव्हता. पण रस्ताभर ते डोक्यातून जाईना, म्हणून डॉक्टरणीकडे गेलो. गेलो तोही तिला रंगेहाथ पकडायला. तिने आधी विचारलं कोणी पाठवलं, आणि मास्तरांचं नाव ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाली, मी त्यांना भेटलेलीसुद्धा नाही, पण त्यांनी पाठवलेला माणूस आजवर रिकामा गेला नाही. मग तिने समजावून सांगितलं. वय झालं की अंगातलं मांस झडतं आणि त्याच्या जागी चरबी येते. काट्याला दोन्ही सारखीच, त्यामुळे काटा फसतो. त्यातून ही चरबी पोटाच्या आत, आतड्यांच्या भोवती बसली तर जास्त वाईट. तिच्यामुळे रक्तदाब चढतो, साखर चढते, रक्तवाहिन्या अरुंद होतात, आणि हृदयाला तेच काम दुप्पट जोर लावून करावं लागतं. माझा रक्तदाब तपासला तर तो चढलेलाच होता.

घरी आलो आणि भात बंद केला. पंधरा दिवस चांगला उपाशी राहिलो आणि परत गेलो, शाबासकी घ्यायला. तिने शाबासकी दिली नाहीच. उपाशी राहून पोटाआधी उरलेली मांडी जाईल म्हणाली. जेवा, डाळ खा, मासे खा, तळणं कमी करा, चाला आणि खुर्चीवरून हात न टेकता उठाबशा काढा. हे मी मास्तरांना सांगितलं. त्यांनी डॉक्टरणीचं म्हणणं खरं की खोटं हे ठरवायला माझी मांडी दर महिन्याला मोजली. पाचव्या महिन्यात पाव इंच वाढली, तेव्हा कुठे ते तिला मानू लागले.

आचऱ्याचा एक गृहस्थ मात्र माझ्यासारखा वाटेवर आला नाही. मुंबईची नोकरी संपवून परत आलेला, मोठा बागायतदार, पोट मूळचंच मोठं. मुलीच्या लग्नासाठी पँट टाकायला आला. माप झालं. पंधरा दिवसांनी घालून बघायला आला तर बटण लागेना, दोन इंच कमी. गृहस्थ भडकला, मास्तरांनी माप चुकवलं म्हणाला. मी बाकड्यावर बसून मजा बघत होतो, कारण मास्तरांचं माप चुकलेलं बघायची माझी फार दिवसांची इच्छा. मास्तर मशीनवरून उठले. खाली वाकले, त्याच्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खळगा तसाच राहिला.

"ही चरबी न्हय," ते म्हणाले. "चरबी पंधरा दिवसात येना नाय. ह्या पाणी आसा. आजच्या आज डॉक्टराक दाखव."

पँट द्यायला त्यांनी साफ नकार दिला. गृहस्थ नाही नाही ते बोलून निघून गेला, पण त्याची बायको मागे थांबली होती, तिने ते ऐकलं. दुपारी तिने नवऱ्याला जबरदस्तीने नेलं. हृदय थकलं होतं, पाणी साठत होतं. वर्षानुवर्षांच्या वजनाने आणि दाबाने थकवलेलं, असं डॉक्टर म्हणाले. वेळेत औषध लागलं. तो माणूस आभार मानायला कधी आला नाही, पण महिन्याने गाडीतून नारळाचं एक पोतं आलं. मास्तरांनी प्रत्येक नारळ कानाशी हलवून बघितला.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकू लागली होती. कंट्रोलरची नोकरी म्हणजे दिवसभर माणसं गाडीत चढताना बघणं. कोण एका दमात चढतो, कोण दांड्याला धरून एक क्षण थांबतो, हे आपोआप दिसतं. ऐतवारी मास्तर आणि आनमारी मालवणच्या गाडीला यायची. आनमारी पुढे चढायची. मास्तर पायरीशी थांबून वेळापत्रकाची पाटी वाचायचे. पहिल्यांदा मला वाटलं, त्यांचा पाटीवर विश्वास नसेल. पण ती पाटी त्यांना पाठ होती. असली नसली प्रत्येक गाडी ते झोपेत सांगू शकले असते. मग ते दर ऐतवारी वाचत काय होते? मी नीट बघितलं. वाचत नव्हते, श्वास घेत होते.

मग बुशकोटाकडे माझं लक्ष गेलं. तो शिवला तेव्हा ढगळ होता, आता तेवढा ढगळ राहिला नव्हता. हातपाय होते तेवढेच बारीक, किंबहुना जास्त. मला जी गोष्ट त्यांनी शिकवली तीच समोर बसली होती.

मी एक दिवस सरळ म्हटलं, मास्तर, तुमचं माप घेऊया. ते एवढे रागावले की मशीन थांबवलं. टेलरने स्वतःच्या अंगाला टेप लावणं म्हणजे स्वतःच्या शवपेटीचं माप घेणं, असं त्यांच्या बापाने सांगून ठेवलं होतं म्हणे. कट्ट्यात कोणाचं मयत झालं की शेवटचा सूट घालून द्यायला मास्तरांनाच बोलावत, त्यामुळे ही भीती अगदीच हवेतली नव्हती. मी म्हटलं, मग आनमारीला घेऊ दे. मी म्हटलं, बुशकोट खोचून तरी दाखवा. त्यावर आमचं जे वाजलं ते समोरच्या स्टँडवर ऐकू गेलं. मी डॉक्टरणीचा माणूस आहे असा आरोप त्यांनी माझ्यावर केला. शेवटी तेच, काळी पँट. पंधरा वर्षं येते, चौतीस. पँट खोटं बोलत नाही.

पँट खरंच येत होती. दर ऐतवारी मी ती बघत होतो. माझीच नजर वाकडी झाली असेल असं म्हणून मी गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

पावसाळा संपता संपता, एका ऐतवारी सकाळी, मास्तर पायरीशी थांबले, पाटी वाचली, दांड्याला धरून एक पाय वर टाकला आणि तिथेच बसले. तोंड राखेसारखं झालं होतं. डावा हात दुखतो म्हणाले. मी रिक्षा केली. डॉक्टरणीने गोळ्या देऊन पुढच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. आनमारी सगळ्या रस्त्यात जपमाळ ओढत होती आणि मी ड्रायव्हरला शिव्या घालत होतो. दोन्हीचा उपयोग सारखाच. दुपारी डॉक्टर बाहेर आले. झटका होता, वेळेत आणलं, एक नळी बंद झाली होती ती उघडली. पोटाचा घेर फार आहे, कधी लक्ष दिलं नाही का, असं त्यांनी आम्हाला विचारलं. ते प्रश्न विचारत होते इनास मास्तरांबद्दल. काखेत कळसा म्हणतात तो असा.

नर्सने मास्तरांचे कपडे पिशवीत घालून माझ्या हातात दिले. बाकावर बसल्या बसल्या मी पँट बाहेर काढली. का काढली, तर संशयाने. इतकी वर्षं त्या माणसाच्या बाकड्यावर बसून मला तेवढं तरी आलं होतं. पँट उलटी केली आणि पाठीमागची शिवण बघितली. कापडावर सुईच्या बारीक भोकांच्या तीन जुन्या रांगा होत्या, एकीच्या बाहेर एक. चौथी शिवण चालू होती, कापडाच्या अगदी काठावर. पुढे मायेचा दोराभर तुकडा उरला नव्हता.

चौतीस नव्हतीच ती. अडतीस होती. आणि ती शिवण मशीनची नव्हती, हाताची होती.

मी वर बघितलं तर आनमारी माझ्याकडेच बघत होती.

"मीच सोडलंय," ती म्हणाली. "तीन फेरी."

मग ती बोलत राहिली, आणि मी ऐकत राहिलो. एका ऐतवारी पँटीचं बटण लावताना मास्तरांची धडपड चालली होती. ते तिने बघितलं. त्या दिवशी ते कोणाशी बोलले नाहीत, जेवले नाहीत. पुढच्या शनिवारी ते बाजारात गेले असताना तिने शिवण उसवून इंचभर सोडली. ऐतवारी पँट आली आणि मास्तर एकदम खुश, गाणं म्हणत गाडीला निघाले. दुसऱ्यांदा तिला विचारही करावा लागला नाही. लग्न होऊन आली तेव्हा हा माणूस हाडांचा सापळा होता, म्हणाली. एका वेळच्या पेजेवर दिवस काढलेला. "ह्येंनी अंग धरल्यानी, माका बरा वाटला. माका काय ठावक, ता आत काळजार बसता म्हणान." हे सांगताना ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

कोणावरही विश्वास न ठेवणारा माणूस, आणि फसला तो स्वतःच्या घरातल्या सुईला. चाळीस वर्षं बायकोचं प्रत्येक बटण त्यांनी ओढून बघितलं, पण स्वतःची पँट उलटी करून बघितली नाही. मला त्यांचा राग आला, तिचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. मला दिसत होतं आणि मी पँटीवर विश्वास ठेवला.

आठ दिवसांनी मास्तर घरी आले. मी भेटायला गेलो. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते, बुशकोट नव्हता, गंजीफ्रॉकवर. पहिल्यांदाच मी त्यांचं पोट बघत होतो. आनमारी आतून आली, काळी पँट घेऊन. तिने ती उलटी करून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली की मी तुम्हाला फसवलं, तुम्हाला हे माझ्यामुळे झालं. मी उठून जायला निघालो तर मास्तरांनी हाताने खुणावलं, बस.

त्यांनी चष्मा मागितला. शिवणीवरून अंगठा फिरवला, वरून खाली, पहिली रांग, दुसरी, तिसरी, मग चौथी. फार वेळ लावला. मालवण तालुक्यातला कोणाचाही टाका ओळखणारा तो अंगठा. चाळीस वर्षं जो टाका रोज हाताखालून गेला तो ओळखायला त्याला एवढा वेळ लागणार नव्हता.

"ह्यो तुझो टाको न्हय," ते शेवटी म्हणाले. "तुझो टाको येवढो सरळ कधी इलो? ही शिवण माझी. मीच सोडलंय, आणि माकाच इसार पडलो."

मास्तर माझ्याकडे वळले. चष्म्यावरून रोखून बघितलं. वेळ विचारली की उत्तर तपासायला दुसऱ्याकडे जाणारा माणूस, त्याने मला विचारलं, "कंट्रोलर, तू बघ आणि सांग. कोणाचो टाको ह्यो?"

मी पँट हातात घेतली. बघितल्यासारखं केलं.

"तुमचोच, मास्तर," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि मला परत विचारलं नाही. आनमारी आत गेली. आतून पहिल्यांदा तिचं रडणं ऐकू आलं, आणि ते ऐकून मास्तर डोळे मिटून पडून राहिले. एवढं मोठं खोटं ते आयुष्यात कधी बोलले नसतील. मी तर रोज बोलत होतो, गाडी पाच मिनिटात येते म्हणून.

त्यानंतर त्यांचं माप आनमारी घेऊ लागली, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. मी एकदा बघितलं. मास्तर हात पसरून उभे, आणि बघतो तर काय, पोट आत! आनमारी टेप धरून नुसती उभी राहिली. तिला कसलीच घाई नव्हती. शेवटी मास्तरांना श्वास घ्यावाच लागला. एकोणचाळीस. ते डॉक्टरणीने सांगितल्याप्रमाणे चालू लागले, आधी स्टँडच्या कोपऱ्यापर्यंत, मग शाळेपर्यंत. खुर्चीवरून उठाबशा काढायचे, आणि आनमारी मोजायची. तिने मोजलेलं ते मानायचे.

पुढच्या वर्षी मुलीने दोघांना म्हापशाला बोलावून घेतलं. दुकान बंद झालं. तिथे मास्तर दोन वर्षं जगले. गेल्याचा फोन आनमारीचा आला. त्यांना त्याच काळ्या पँटीत ठेवलं म्हणाली. तिनेच बसून शिवण आत घेतली होती. पहिल्या रांगेपर्यंत नाही पोचली, पण दुसरीपर्यंत आली. मग म्हणाली की राहिलेली माया तिने कापली नाही, तशीच आत ठेवली. मी बरं केलंस म्हटलं.

मला आठवतो तो मात्र त्यांचा कट्ट्यातला शेवटचा दिवस. सकाळची गाडी. ट्रंका वर चढवल्या, मशीन टेम्पोतून आधीच गेलं होतं. आनमारी पुढे चढली. मास्तर पायरीशी आले, वेळापत्रकाच्या पाटीकडे बघितलंसुद्धा नाही, दांड्याला धरून चढले आणि खिडकीशी जाऊन बसले. बुशकोट आत खोचलेला होता. मी खिडकीखाली उभा राहिलो. ताठ उभा होतो, निरोप द्यायला उभं राहतात तसा. त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"कंट्रोलर," ते म्हणाले, "तुझ्या झिलाचा नाव काय रे?"

"संतोष," मी म्हणालो.

आणि म्हणता म्हणता श्वास सुटला. मास्तर माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. कंबरेकडे बघत होते. त्यांनी नाराजीने मान हलवली, दोन बोटं दाखवली, म्हणजे दोन इंच वाढलीय. गाडी सुटली तेव्हा मी पोट आत घेतलं, पण त्यांनी बघायचं ते बघून घेतलं होतं.